मीरचे काय करायचे?

जुलै १९७९ ज्यांना आठवतो त्यांना ‘स्कायलॅब’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. अमेरिकेचे सुमारे ७७ टन वजनाचे अंतराळ स्थानक पृथ्वीवर कोसळणार होते आणि ते नेमके कुठे पडेल हे खुद्द नासालाही सांगता येत नव्हते. आपल्याकडे पोलिसांना सज्ज राहण्याचे आदेश गेले, अफवांना ऊत आला, आभाळातून काहीतरी अंगावर येणार या धास्तीने लोकांच्या तोंडचे पाणी पळाले. अखेर ११ जुलैला स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स गावाच्या आसपास पडले. कुणाला खरचटलेही नाही, पण त्यात नियोजनाचा वाटा थोडा आणि नशिबाचा मोठा होता.

१९७४ मध्ये शेवटचे अंतराळवीर स्कायलॅबमधून परतले तेव्हा नासाचा अंदाज असा होता, की स्पेस शटल तयार झाले की ते वर जाईल आणि स्थानकाला उंच कक्षेत ढकलेल. शटल रखडले. ते पहिल्यांदा उडाले एप्रिल १९८१ मध्ये. दरम्यान सूर्याची सक्रियता अपेक्षेहून वाढली, त्या उष्णतेने पृथ्वीचे वातावरण वरच्या अंगाला फुगले आणि स्थानकाला होणारा हवेचा विरोध वाढला.

सोव्हिएत संघाचे ‘सॅल्यूत ७’ याच वाटेने गेले. आपल्याला ते ठाऊक आहे ते राकेश शर्मा यांच्यामुळे. एप्रिल १९८४ मध्ये ते याच स्थानकावर राहून आले. तेव्हा तिथे मुक्कामी असलेल्या तिघा सोव्हिएत अंतराळवीरांमध्ये व्लादिमिर सोलोव्योव होते. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. १९८६ नंतर सॅल्यूत रिकामे राहिले. त्याला उंच कक्षेत ढकलून ठेवले होते आणि सोव्हिएत शटल ‘बुरान’ कधीतरी त्याच्यापर्यंत पोहोचेल, अशी आशा होती. बुरान एकदाच उडाले, नोव्हेंबर १९८८ मध्ये, तेही माणसांविना. ७ फेब्रुवारी १९९१ रोजी सॅल्यूत ७ अर्जेंटिनावर कोसळले. कापितान बेर्मुदेझ नावाच्या गावात त्याचे तुकडे सापडले. याही वेळी माणसे वाचली, आणि याही वेळी ते कुठे पडावे हे कुणी ठरवलेले नव्हते.

साडेतीनशे-चारशे किलोमीटर उंचीवरही हवा पूर्ण संपलेली नसते. जे काही विरळ अणू तिथे असतात ते ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्थानकाला अखंड अडवत राहतात आणि स्थानक रोज थोडे थोडे खाली सरकते. त्याला इंधन जाळून वर ढकलत राहावे लागते. त्यामुळे म्हाताऱ्या स्थानकाचे काय करायचे, हा प्रश्न बासनात गुंडाळून ठेवता येत नाही. माणसांनी उत्तर दिले नाही, तर वातावरण देते. स्कायलॅब आणि सॅल्यूत यांच्या बाबतीत तेच घडले. सोव्हिएत स्थानक ‘मीर’च्या बाबतीत पहिल्यांदा एवढ्या मोठ्या स्थानकाचा शेवट माणसांनी ठरवला, आणि ते ठरवणे किती जड गेले याची ही हकीकत आहे.

मीरचा मुख्य भाग २० फेब्रुवारी १९८६ रोजी बैकोनूरहून प्रोटॉन रॉकेटने वर गेला. त्याचे ठरवलेले आयुष्य पाच वर्षे होते. पुढच्याच महिन्यात लिओनिद किझिम आणि व्लादिमिर सोलोव्योव हे दोघे तिथे पोहोचले. मीरमध्ये पाऊल टाकणारी ही पहिली माणसे. याच मोहिमेत ते मीर सोडून सॅल्यूत ७ वर गेले, तिथली काही उपकरणे घेऊन परत मीरवर आले. एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकावर जाऊन परत येण्याचा असा प्रवास त्यानंतर कुणी केलेला नाही.

मग एकेक खोली जोडली जाऊ लागली: १९८७ मध्ये ‘क्वांट’, १९८९ मध्ये ‘क्वांट २’, १९९० मध्ये ‘क्रिस्टाल’. क्वांट मुख्य भागाच्या मागच्या टोकाला जोडले गेले, आणि त्यानंतरची दालने पुढच्या टोकाच्या पाच दरवाज्यांच्या गोलाला चिकटत गेली. सप्टेंबर १९८९ पासून पुढची जवळजवळ दहा वर्षे मीर एक दिवसही रिकामे राहिले नाही.

पाच वर्षांची मुदत १९९१ मध्ये संपली आणि त्याच वर्षी सोव्हिएत संघही संपला. सर्गेई क्रिकाल्योव मे १९९१ मध्ये वर गेले तेव्हा त्यांचा देश सोव्हिएत संघ होता आणि त्यांचे जन्मगाव लेनिनग्राद. मार्च १९९२ मध्ये, ३११ दिवसांनी, ते उतरले तेव्हा देश उरला नव्हता, गावाचे नाव सेंट पीटर्सबर्ग झाले होते, आणि ज्या कझाकस्तानच्या माळावर यान उतरले तो परका मुलुख झाला होता. प्रक्षेपणतळ बैकोनूर हाही आता दुसऱ्या देशात होता.

खालच्या देशाकडे पैसा नव्हता. महासागरांत उभी राहून स्थानकाशी संपर्क ठेवणारी रशियन जहाजे एकामागून एक बंद झाली, त्यामुळे मीर रशियाच्या माथ्यावरून जाईल तेवढ्या मोजक्या मिनिटांतच बोलणे होऊ लागले. ‘स्पेक्त्र’ आणि ‘प्रिरोदा’ ही दोन दालने कारखान्यात अर्धवट पडून होती. स्थानकाने मिळेल तिथून कमाई सुरू केली. परदेशी अंतराळवीरांकडून तिकिटाचे पैसे घेतले गेले. पेप्सीच्या डब्याची भलीमोठी प्रतिकृती अंतराळात नेऊन तिचे चित्रीकरण झाले, एका इस्रायली दूध कंपनीची जाहिरात स्थानकातच झाली.

पण मीरला खऱ्या अर्थाने तारले ते जुन्या प्रतिस्पर्ध्याने. १९९३ मध्ये अमेरिका आणि रशिया यांनी पुढचे मोठे स्थानक एकत्र बांधायचे ठरवले. त्याची पूर्वतयारी म्हणून अमेरिकी अंतराळवीर मीरवर राहणार होते आणि त्या बदल्यात नासा सुमारे ४० कोटी डॉलर देणार होती. त्या पैशांतून ‘स्पेक्त्र’ १९९५ मध्ये आणि ‘प्रिरोदा’ १९९६ मध्ये वर गेले. वाल्येरी पोल्याकोव यांनी सलग ४३७ दिवस मीरवर राहून केलेला विक्रम आजही मोडलेला नाही; अमेरिकेच्या शॅनन ल्यूसिड यांनी १९९६ मध्ये १८८ दिवस काढले. एप्रिल १९९६ मध्ये मीर पूर्ण झाले तेव्हा ते ठरल्या आयुष्याच्या दुप्पट जगून चुकले होते.

आणि पुढच्याच वर्षी वय दिसू लागले.

२३ फेब्रुवारी १९९७ रोजी ‘क्वांट’मध्ये प्राणवायू तयार करणारी एक नळी पेटली. या नळ्या रासायनिक असतात. पेटल्यावर त्या स्वतःच प्राणवायू सोडतात, त्यामुळे त्यांची आग गुदमरून विझत नाही. त्या वेळी आत सहा माणसे होती. परतीसाठी तिघांचे एक अशी दोन सोयुझ याने जोडलेली होती, आणि त्यांतल्या एका यानाकडे जाणारी वाट नेमकी ज्वाळेपलीकडे होती. धुराने काही दिसेना, मास्क चढवून एकामागून एक अग्निशामक रिकामे करावे लागले. आग विझली, पण नंतर महिनोन्‌महिने काही ना काही बिघडत राहिले. शीतकरणाच्या नळ्यांतून ग्लायकॉल गळत होते, प्राणवायूची यंत्रे बंद पडत होती.

२५ जूनचा अपघात आणखी गंभीर होता, आणि त्याचे मूळ तंत्रज्ञानापेक्षा राजकारणात होते. मालवाहू ‘प्रोग्रेस’ याने स्थानकाला आपोआप जोडली जात. त्यासाठीची ‘कुर्स’ ही यंत्रणा युक्रेनमध्ये बनायची; सोव्हिएत संघ फुटल्यावर तिची किंमत रशियाला झेपेनाशी झाली. म्हणून अंतराळवीराने हाताने यान जोडून पाहावे, असे ठरले. वासिली त्सिब्लियेव स्थानकात बसून, प्रोग्रेसवरच्या कॅमेऱ्यातून येणाऱ्या चित्राकडे पाहत, सात टनांचे ते यान चालवत होते. चित्रात मीर ढगांच्या पार्श्वभूमीवर मिसळून जात होते आणि अंतराचा नीट अंदाज देणारे रडार चालू नव्हते. यान वेगात आले, ‘स्पेक्त्र’च्या सौरपंखावर आदळले, मग त्याच्या भिंतीवर. दाब कमी झाल्याचा भोंगा वाजला. कानांना दडे बसू लागले.

अलेक्सांद्र लाझुत्किन आणि ब्रिटिश वंशाचे अमेरिकी अंतराळवीर मायकेल फोएल स्पेक्त्रच्या दाराशी पोहोचले. दार बंद करायचे होते, पण बंद होईना, कारण दारातून विजेच्या तारांचे आणि हवेच्या नळ्यांचे जुडगे आत गेलेले होते. पाच वर्षांसाठी बांधलेल्या जागेत अकरा वर्षे माणसे राहिली, दर मोहिमेने नवे यंत्र बसवले, नवी तार टाकली, आणि ज्या दारांनी संकटात जीव वाचवायचा त्याच दारांतून सगळा संसार ओवला गेला. लाझुत्किन यांनी जोड सुटतील तेवढे सोडवले. जे सुटले नाहीत ते सुरीने कापले, त्यांत एका जिवंत तारेतून ठिणग्या उडाल्या. आतल्या बाजूचे मूळ दार ओढून घ्यावे तर हवा त्याच दिशेने जोरात वाहत होती. शेवटी दोघांनी एक हलके झाकण आणून बाहेरून दारावर धरले, आणि निर्वात झालेल्या खोलीच्या ओढीनेच ते घट्ट बसले. फोएल यांचे सगळे सामान आत राहिले.

स्थानक वाचले, पण स्पेक्त्रच्या सौरपंखांच्या तारा तुटल्याने निम्मी वीज गेली आणि मीर हळूहळू गिरक्या घेऊ लागले. संगणक बंद, दिवे बंद. फोएल यांनी खिडकीशी जाऊन हाताच्या अंतरावर अंगठा धरला, त्याच्या आडून तारे किती वेळात सरकतात ते पाहिले आणि गिरकीचा वेग काढून जमिनीवर कळवला. पुढे सोयुझचे लहान रॉकेट थोडे थोडे चालवून सौरपंख पुन्हा सूर्याकडे वळवता आले. ऑगस्टमध्ये अनातोली सोलोव्योव (आधी उल्लेख आला ते व्लादिमिर वेगळे) आणि पावेल विनोग्रादोव यांनी अंतराळपोशाख घालून त्या हवा नसलेल्या खोलीत शिरून तारा जोडल्या. स्पेक्त्रमध्ये पुन्हा कधी कुणी राहिले नाही.

१९९७ नंतर जगभरच्या वर्तमानपत्रांत मीर म्हणजे मोडकळीला आलेली जागा अशी प्रतिमा झाली. ती पूर्ण खरी नव्हती. त्याच अपघातांतून आग, गळती, वीज जाणे यांना कसे तोंड द्यायचे हे दोन्ही देश शिकले, आणि आजच्या आंतरराष्ट्रीय स्थानकाचा प्रत्येक दिवस त्या शिकवणीवर चालला आहे. पण पत्र्यामागे साठलेले पाणी, त्यात वाढलेली बुरशी, एकामागून एक निकामी होणाऱ्या बॅटऱ्या, हेही खरे होते.

अमेरिकेचे शेवटचे शटल जून १९९८ मध्ये मीरवरून परतले आणि त्याबरोबर अमेरिकी पैसाही थांबला. ऑगस्टमध्ये रूबल कोसळला. नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे पहिले दालन ‘झार्या’ वर गेले. त्यानंतर रशियाने ‘झ्वेझ्दा’ हे राहण्याचे दालन पाठवायचे होते. त्याशिवाय तिथे माणसे राहू शकत नव्हती. झ्वेझ्दा ही खरे तर मीरच्या मुख्य भागाचीच धाकटी बहीण. ती मुळात दुसऱ्या मीरसाठी बांधली होती. पैशांअभावी तिला उशीर होत होता. नासाचे प्रमुख डॅनियल गोल्डिन यांचे म्हणणे उघड होते: रशियाकडे सोयुझ आणि प्रोग्रेस मोजकीच आहेत, ती मीरला पुरवाल तर नव्या स्थानकाचे काय? ही शंका अकारण नव्हती.

मीर चालवायला वर्षाला २० कोटी डॉलरहून अधिक लागत होते. जानेवारी १९९९ मध्ये पंतप्रधान प्रिमाकोव यांच्या सरकारने एक आदेश काढला: सरकारी तिजोरीबाहेरून पैसे उभे राहिले तर मीर आणखी तीन वर्षे चालवावे. निर्णय घ्यायचा नाही, पण नकारही द्यायचा नाही, असा हा मार्ग होता. त्यातून विचित्र काळ सुरू झाला. एका परदेशी व्यावसायिकाने दहा कोटी डॉलर देण्याची तयारी दाखवली, प्रशिक्षण सुरू केले, आणि पैसे आलेच नाहीत. चिंगीझ ऐत्मातोव यांच्या कथेवर चित्रपट काढणारे दिग्दर्शक युरी कारा यांनी व्लादिमिर स्तेक्लोव या अभिनेत्याला स्थानकावर पाठवायचे ठरवले. अभिनेत्याचे प्रशिक्षण पूर्ण झाले, आणि पैसे न भरल्याने ऐनवेळी त्याचे नाव वगळले गेले. सामान्य रशियन माणसांनी मीरसाठी वर्गण्याही जमवल्या. त्या काळी पगार थकलेल्या त्या माणसांनी दिलेल्या रकमा स्थानकाच्या खर्चाच्या मानाने काहीच नव्हत्या, पण त्या का दिल्या हे समजून घेतले पाहिजे. मीर हे सोव्हिएत काळातून उरलेले आणि अजून चालू असलेले जवळजवळ एकमेव मोठे काम होते. त्याचा अभिमान वाटणे हे केवळ जुन्या दिवसांचे झुरणे नव्हते.

२८ ऑगस्ट १९९९ रोजी विक्तोर अफानास्येव, सर्गेई अवदेयेव आणि फ्रान्सचे झाँ-पिएर एन्येरे यांनी दिवे मालवून मीर सोडले. जवळजवळ दहा वर्षांचा अखंड रहिवास संपला. तेव्हा बऱ्याच जणांनी मीरवर पाणी सोडले होते.

तेवढ्यात २००० च्या सुरुवातीला ‘मीरकॉर्प’ ही कंपनी ॲम्स्टरडॅममध्ये उभी राहिली. मीर चालवणारी रशियन कंपनी ‘एनर्गिया’ तिची मोठी भागीदार होती. पैसा अमेरिकेतला होता, वॉल्ट अँडरसन यांचा आणि भारतीय वंशाचे उद्योजक चिरंजीव कथुरिया यांचा. कारभार जेफ्री मॅन्बर पाहत होते. मीर भाड्याने घेऊन ते व्यवसाय म्हणून चालवायचे, ही कल्पना त्या वेळी वेडेपणाची वाटली. आज खासगी कंपन्या अंतराळवीर पाठवतात, स्थानके बांधायचे बेत करतात. त्या सगळ्याची सुरुवात इथे झाली असे मी मानतो. ४ एप्रिल २००० रोजी सर्गेई झाल्योतिन आणि अलेक्सांद्र कालेरी वर गेले. माणसांची ही पहिली मोहीम, जिचा खर्च खासगी पैशातून झाला. त्यांनी हवेची एक मंद गळती शोधून बुजवली, स्थानकाची कक्षा उंचावली, आणि ७३ दिवसांनी १६ जूनला परतले. मीरमधून बाहेर पडणारी ती शेवटची माणसे.

मीरकॉर्पने धडाका लावला. डेनिस टिटो या अमेरिकी गुंतवणूकदाराला पर्यटक म्हणून नेण्याचा करार झाला. टीव्ही निर्माते मार्क बर्नेट यांनी एनबीसी वाहिनीसाठी, स्पर्धा जिंकेल तो मीरवर जाईल, अशा कार्यक्रमाची घोषणा केली. पण घोषणा आणि रोख रक्कम यांत अंतर राहिले आणि स्थानकाला वर ठेवण्यासाठी प्रोग्रेस तर पाठवत राहावेच लागत होते. त्यात जुलै २००० मध्ये झ्वेझ्दा वर गेले आणि नवे स्थानक राहण्याजोगे झाले. ऑगस्टमध्ये ‘कुर्स्क’ ही पाणबुडी ११८ खलाशांसह बुडाली. जुनी यंत्रे आणि रिकामी तिजोरी यांची किंमत काय असते, हे देशाने नुकतेच पाहिले होते.

२ नोव्हेंबर २००० रोजी आंतरराष्ट्रीय स्थानकावर पहिले तिघे राहायला पोहोचले. त्यांतला एक जण सर्गेई क्रिकाल्योव. दोन आठवड्यांनी, १६ नोव्हेंबरला, रशियन मंत्रिमंडळाने मीर समुद्रात उतरवण्याचा प्रस्ताव मान्य केला. अंतराळ संस्थेचे प्रमुख युरी कोप्त्येव यांनी बाजू मांडली. संसदेतले कम्युनिस्ट खासदार संतापले, मॉस्कोत निदर्शने झाली, अमेरिकेला खूश करण्यासाठी मीरचा बळी दिला असे आरोप झाले. कित्येक अंतराळवीरही दुखावले. त्यांचे दुःख खोटे नव्हते, आणि अमेरिकेचा दबाव होता हेही खरे. पण दबाव नसता तरी उत्तर तेच असते, असे मला वाटते, आणि त्याचे कारण स्थानकाच्या रचनेतच होते.

मीरची दिशा स्थिर ठेवण्यासाठी आत जोराने फिरणारी जड चाके होती. ती थांबली तर स्थानक वळते. वळले की सौरपंखांवर ऊन नीट पडत नाही. ऊन नाही तर बॅटऱ्या उतरतात. बॅटऱ्या उतरल्या की संगणक बंद. आणि संगणक बंद पडला की खालून पाठवलेली आज्ञा ऐकायला कुणी उरत नाही. माणसे आत असताना हे चक्र मोडता येई. रिकाम्या मीरमध्ये अंगठा धरून तारे मोजायला कुणी नव्हते. १३० टनांहून जड अशी ही वस्तू हवी तिथे पाडायची, तर तिचे डोके आणि कान चालू असतानाच पाडणे भाग होते. मेलेले स्थानक म्हणजे दुसरे स्कायलॅब, वजनाने जवळजवळ दुप्पट. मीरची फेरी तर न्यूयॉर्क, टोकियो, मुंबई अशा सगळ्या दाट वस्तीवरून जात होती.

२५ डिसेंबरला नेमके ते घडले. मीर गप्प झाले. रशियाच्या माथ्यावरून जाताना एकेका फेरीत नियंत्रण कक्षातून हाका मारल्या जात होत्या आणि उत्तर येत नव्हते. जवळजवळ वीस तासांनी, दुसऱ्या दिवशी, संपर्क झाला. बॅटऱ्यांचा विद्युतदाब उतरला होता. त्या वीस तासांनी वाद मिटवला. महिनाअखेरीस पंतप्रधान मिखाईल कास्यानोव यांनी आदेशावर सही केली. जानेवारीत विजेची तीच तक्रार पुन्हा उद्भवली आणि शेवटच्या प्रोग्रेसचे उड्डाण काही दिवस पुढे गेले. गरज पडलीच तर वर जाऊन हाताने यान जोडायला दोन अंतराळवीर तयार ठेवले होते.

२४ जानेवारी २००१ रोजी निघालेले ते प्रोग्रेस २७ तारखेला जोडले गेले. त्यात खाद्यपदार्थ किंवा पत्रे नव्हती, सुमारे २.७ टन इंधन होते. इंधन वाचवण्यासाठी मीरला आधी स्वतःहून उतरू दिले. तेवढा वेळ वातावरणच ते काम फुकट करत होते. फक्त या वेळी शेवटचा धक्का माणसाच्या हाती राहणार होता. २० फेब्रुवारीला मीर पंधरा वर्षांचे झाले. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ते सुमारे २२० किलोमीटरवर आले. रशियाने २० कोटी डॉलरचा विमा उतरवला. शेवटच्या फेऱ्या जपानवरून जाणार होत्या. तिथे ओकिनावाच्या रहिवाशांना ठरलेल्या वेळी घरात राहायला सांगण्यात आले. २१ मार्चला क्रिकाल्योव नव्या स्थानकावरून पृथ्वीवर परतले.

२३ मार्चच्या पहाटे मॉस्कोजवळच्या कोरोल्योव शहरातल्या नियंत्रण कक्षात काम सुरू झाले. मीरच्या मोहिमांचे नेतृत्व व्लादिमिर सोलोव्योव यांच्याकडे होते, पंधरा वर्षांपूर्वी किझिम यांच्यासह त्या रिकाम्या स्थानकात पहिल्यांदा शिरलेले सोलोव्योव. मॉस्कोच्या घड्याळात साडेतीनच्या सुमारास पहिला धक्का, पाच वाजता दुसरा. मग तीन तास हिशेब तपासणे. आठ वाजून गेल्यावर तिसरा आणि शेवटचा धक्का आफ्रिकेच्या अंगाने सुरू झाला आणि आशियावर स्थानक असताना इंधन संपेपर्यंत चालला. त्यानंतर कुणाच्या हाती काही उरले नव्हते. मॉस्कोत पावणेनऊ, आपल्याकडे सव्वाअकरा आणि फिजीमध्ये संध्याकाळ होत आली असताना मीर शंभर किलोमीटरच्या आत आले. फिजीच्या किनाऱ्यावरच्या लोकांनी सोनेरी रेघा ओढत जाणारे तुकडे पाहिले, मागून स्फोटासारखे आवाज ऐकले. वीस-पंचवीस टन अवशेष न्यूझीलंड आणि चिली यांच्यामधल्या दक्षिण प्रशांत महासागरात, ठरवलेल्या पट्ट्यात पडले. मीरने पृथ्वीभोवती ८६ हजारांहून अधिक फेऱ्या मारल्या होत्या.

परिणामांचा हिशेब सरळ नाही. रशियाने स्वतःचे घर सोडले आणि सामायिक घरात खोली घेतली. त्या घरात रशियाचे म्हणणे टिकले ते झ्वेझ्दामुळे, म्हणजे मीरच्याच अनुभवामुळे. मीरकॉर्प मिटली, पण तिचा प्रवासी डेनिस टिटो २८ एप्रिल २००१ रोजी, मीर बुडून पाच आठवडे होतात न होतात तोच, नासाचा विरोध असतानाही सोयुझमधून आंतरराष्ट्रीय स्थानकाकडे निघाला. अंतराळ पर्यटनाचे दार उघडले. सगळ्यात मोठा परिणाम म्हणजे मोठे स्थानक सुरक्षित उतरवता येते हे सिद्ध झाले. ते सोपे मात्र झाले नाही: २०१६ मध्ये चीनचा ‘तियानगोंग १’ शी संपर्क तुटला आणि २ एप्रिल २०१८ रोजी ते मनाला येईल तिथे पडले. पुढचे ‘तियानगोंग २’ चीनने २०१९ मध्ये ताब्यात असतानाच उतरवले.

आता पाळी आंतरराष्ट्रीय स्थानकाची आहे. शुभांशु शुक्ला जून-जुलै २०२५ मध्ये जिथे राहून आले ते हे स्थानक चारशे टनांहून जड, म्हणजे मीरच्या तिप्पट आहे. त्याचे पहिले दालन १९९८ चे. झ्वेझ्दाच्या मागच्या बोगद्यातून कित्येक वर्षे हवेची गळती होत राहिली. नासाने ते २०३० पर्यंत चालवायचे ठरवले आहे. त्याला समुद्रात उतरवण्यासाठी प्रोग्रेस पुरणार नाहीत, म्हणून जून २०२४ मध्ये स्पेसएक्सला एक खास शक्तिशाली यान बांधण्याचे कंत्राट दिले आहे; किंमत ८४ कोटी डॉलरपर्यंत. रशियाने मात्र २०२८ पर्यंतच बांधून घेतले आहे. ते यान वेळेवर तयार होईल का, दोन्ही देश तोपर्यंत एकत्र राहतील का, आणि २०३० चे साल पुन्हा पुढे ढकलायचे का, यावरची बोलणी अजून संपलेली नाहीत.